साडूंचा अभ्यास

बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा हे नातं मराठी माणसाने एकाच कामासाठी निर्माण केलं असावं: सासुरवाडीत धाकट्या जावयाला त्याची जागा कळावी म्हणून. माझे साडू हे काम मन लावून करतात. डोंबिवली पूर्वेला राहतात. एका सहकारी बँकेच्या तपासणी खात्यात उभी हयात काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुसऱ्याच्या वहीतली चूक हिरव्या शाईने गोल करायची, यात त्यांनी आयुष्याचा आनंद शोधला. निवृत्तीनंतर वह्या संपल्या, शाई उरली. मग ते जगाकडे वळले.

त्यांचं एक वाक्य आहे. "माझा अभ्यास आहे." हे ते कधी मोठ्याने म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, आवाज खाली आणतात, आणि समोरच्याला आता काही औषध उरलेलं नाही अशा सुरात सांगतात, "लोक काय, लोक बोलतात. माझा अभ्यास आहे." कोथिंबिरीचा भाव, मुलींची स्थळं, गुडघ्याचं ऑपरेशन, भारताचं परराष्ट्र धोरण, यांपैकी कशाबद्दलही हे वाक्य येऊ शकतं. आलं की विषय संपला.

हा माणूस तुम्ही पाहिलेला असतो. डोंबिवली स्टेशनात गाडी लागली की सगळा फलाट एका दिशेला धावतो आणि एक गृहस्थ शांतपणे उलट दिशेला चालू लागतात. कधी त्यांना खिडकी मिळते, कधी त्यांची गाडी चुकते. चेहऱ्यावरचं समाधान दोन्ही वेळा सारखंच.

अशा माणसाच्या हातात २०२३ साली कुणीतरी ते अ‍ॅप दिलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅप एक प्रश्न विचारायचं. उद्याचा सामना अमका संघ जिंकेल का? अमुक तारखेपर्यंत पेट्रोल महागेल का? उत्तराला दोन बाजू, होय आणि नाही. दोन्ही बाजूंचे भाव मिळून दहा रुपये. 'होय' साडेसातला असेल तर 'नाही' अडीचला. निकाल लागला की बरोबर बाजूच्या माणसाला पूर्ण दहा, चुकीच्या बाजूच्या माणसाला शून्य, आणि मधल्यामध्ये अ‍ॅपचं कमिशन. भाव माणसंच लावायची, त्यामुळे साडेसात म्हणजे गर्दीने पैशाच्या भाषेत सांगितलेलं असायचं की हे घडण्याची शक्यता शंभरात पंचाहत्तर आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी असा छोटा बाजार उघडला होता, तो अभ्यासासाठीच. आपल्याकडे त्याला 'ओपिनियन ट्रेडिंग' असं भारदस्त नाव मिळालं.

"हा जुगार नाही," साडूंनी पहिल्याच दिवशी घरात जाहीर केलं. "जुगारात नशीब असतं. इथे मत असतं."

आमचे सासरे, अण्णा, लालबागला वाढलेले. त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "ओपन की क्लोज?"

अण्णांच्या तरुणपणी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांवर आकडा लागायचा. ते थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून मटका. न्यूयॉर्कमध्ये कापूस कितीला विकला गेला याबद्दल लालबाग-परळमध्ये प्रत्येकाचं ठाम मत असे, असं अण्णा सांगतात. त्याच्याही आधी मुंबईकर पावसावर पैजा लावत. १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल यांवरच्या पैजांना स्वतंत्र जागा आहे. पावसासाठी कायद्यात कलम घालावं लागलं, यावरून तेव्हाच्या अभ्यासूंची संख्या लक्षात यावी.

साडूंनी मात्र जुनी हिशेबाची वही उघडली. तारीख, प्रश्न, गर्दीचं मत, माझं मत, निकाल, शेरा असे रकाने आखले. ही रकान्यांची ओळ नीट वाचा, कारण सगळा माणूस तिच्यात आहे. 'गर्दीचं मत' हा रकाना 'माझं मत' याच्या आधी आहे. साडू आधी भाव बघत, मग स्वतंत्र अभ्यासाला बसत, आणि अभ्यासाअंती बहुधा गर्दीच्या उलट बाजूला निघत. उलटं जाण्यासाठी का होईना, गर्दी कुठे चालली आहे हे आधी बघावं लागतंच. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. धाकट्या साडूने काय बोलावं याचे काही नियम आहेत.

गर्दी शहाणी असते असं म्हणणाऱ्या मंडळींवर त्यांचा विशेष राग. कुणीतरी त्यांना फ्रान्सिस गाल्टनची गोष्ट पाठवली होती. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाच्या वजनाची स्पर्धा लागली. सहा पेन्स भरून तिकिटावर आकडा लिहायचा. कापून साफ केल्यावर हा बैल किती भरेल? गाल्टनने नंतर ती तिकिटं मागवून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. सगळे आकडे क्रमाने लावून मधला काढला तर तो १२०७ पौंड. बैल भरला ११९८. गाल्टनचा सामान्य माणसाच्या अकलेवर फारसा भरवसा नव्हता, तरी त्याने हे १९०७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रामाणिकपणे छापलं.

साडूंनी ही गोष्ट आम्हाला खोडून दाखवण्यासाठी सांगितली, तीही श्रावणी सोमवारी, पानं वाढलेली असताना.

"बैल कापून?" ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, वाढणं थांबवलं.

"शास्त्रासाठी."

"आज सोमवार आहे."

"मुद्दा तो नाही. बैल समोर उभा होता, म्हणून जमलं. भविष्य समोर उभं नसतं. तिथे अभ्यास लागतो."

मला त्या गोष्टीत वेगळंच दिसलं होतं. त्या जत्रेत तिकीट लिहिणाऱ्याला शेजारच्याचं तिकीट वाचून काही मिळणार नव्हतं. खाटकाने खाटकाच्या नजरेने लिहिलं, शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या, आणि ज्याला बैलातलं काही कळत नव्हतं त्याने देवाचं नाव घेऊन. चुका सगळीकडे सांडल्या आणि एकमेकींना मारून गेल्या. अ‍ॅपवर गर्दीचं मत भाव होऊन आधीच डोळ्यांसमोर नाचत असायचं. पण मी वरण मागितलं.

साडूंचा पहिला मोठा विजय १९ नोव्हेंबर २०२३ चा. विश्वचषकाचा अंतिम सामना, अहमदाबाद, समोर ऑस्ट्रेलिया. भारत ओळीने दहा सामने जिंकून आलेला. आम्ही सगळे डोंबिवलीला जमलो होतो, साबुदाणा वडे होते, मुलांच्या गालांवर तिरंगे होते. अ‍ॅपवर 'भारत जिंकेल' सातच्या घरात. साडूंनी दोन दिवस खेळपट्टीचा अभ्यास केला होता. खेळपट्टी आधी वापरलेली, दुपारी संथ, रात्री दव. कमिन्सने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं तेव्हा साडू उठून गॅलरीत गेले. त्यांनी तीन रुपयांनी 'नाही' घेतलं, सहाशे रुपयांचं.

त्यानंतर त्या माणसाने जे सहन केलं ते मी जवळून पाहिलं आहे. २४० वर आपण आटोपलो तेव्हा घरात सुतक, आणि यांच्या मिशीखाली काहीतरी हलतंय. हेडने शतक पूर्ण केलं तेव्हा सगळ्यांबरोबर "अरे अरे" म्हणायचं आणि मनात धावा मोजायच्या. मोठी गर्दी गप्प करण्यासारखं समाधान नाही, अशा अर्थाचं कमिन्स आदल्या दिवशी बोलला होता. डोंबिवलीत त्याचा एक शिष्य शेंगदाण्याची वाटी हातात धरून बसला होता. शेवटची धाव निघाली, माझी भाची रडायला लागली, आणि त्या शांततेत साडूंच्या खिशातून पिपाणी वाजली. फोन आनंदाने म्हणाला, "अभिनंदन! तुमचं मत बरोबर ठरलं!"

भाचीने डोळे पुसले. "बाबा, तुम्ही ऑस्ट्रेलियाकडून होतात?"

"बाळा, हा आकड्यांचा प्रश्न असतो—"

"आपल्याच घरात बसून?" हे अण्णा.

सहाशेचे दोन हजार झाले होते. चौदाशे नफा, त्यातून कमिशन, त्यातून तीस टक्के करकपात. उरलं त्यात भाचीची समजूत काढायला सगळ्यांना हॉटेलात न्यावं लागलं आणि बिल उरल्यापेक्षा जास्त झालं. वहीत मात्र शेरा पडला: 'देशभक्ती ही गर्दीची भावना. भावाला येते, निकालाला येत नाही.' वाक्य चांगलं आहे, हे मी मान्य करतो.

खरे साडू बिघडले ते २०२४ च्या जूनमध्ये. १ जूनच्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एक्झिट पोल आले आणि बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उडाला. साडूंनी 'साडेतीनशे पार' या प्रश्नावर कवडीमोलाने 'नाही' घेतलं. ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली, भाजप २४० वर, आणि सेन्सेक्स एका दिवसात चार हजारांहून जास्त पडला. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्या दिवशी शेअर बाजाराकडे बघत पाणी पीत होते. साडू पेढे घेऊन ठाण्याला आले.

आता हे त्यांना कसं कळलं? वहीप्रमाणे: पंधरा पानांचा तक्ता, मागच्या निवडणुकांची टक्केवारी, मतदानातली घट. पण ताईंचं म्हणणं वेगळं आहे. एप्रिलमध्ये हे दोघं निफाडला एका लग्नाला गेले होते. पंगतीत साडूंच्या दोन्ही बाजूंना कांदा उत्पादक. डिसेंबरमध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती, ती बंदी अजून उठली नव्हती, आणि त्या दोघांनी मठ्ठ्यापासून विड्यापर्यंत दुसरा विषय काढला नाही. साडू वैतागून घरी आले. "काय ती माणसं, कांदा आणि कांदा." पुढे मे महिन्यात निर्यात सुरू झाली, पण नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीने गमावल्या. साडूंच्या डोक्यात काहीतरी हललं असेल तर ते त्या पंगतीत. वहीत निफाडचा उल्लेख नाही. तपासणी खात्यात शिकलेला माणूस पुराव्याला किंमत देतो, आणि मठ्ठ्याची पावती नसते.

ऑक्टोबरमध्ये हरियाणा. एक्झिट पोलवाले एकसुरात काँग्रेस म्हणत होते, साडू उलटे गेले, भाजपला नव्वदपैकी ४८ मिळाल्या. हरियाणात साडू कधी गेलेले नाहीत. तिथला त्यांचा सगळा अभ्यास म्हणजे 'सगळे एकच म्हणताहेत' हा. पण लागोपाठ लागलेल्या डावाला तोंड नसतं. दिवाळीत भाऊबीजेला आले ते भविष्यवेत्त्याच्या चालीने.

मग अमेरिकेची निवडणूक झाली आणि साडूंना गुरू भेटला. थिओ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक फ्रेंच माणूस. सर्वेक्षणं बरोबरीची लढत सांगत असताना याने पॉलीमार्केट या बाजारात ट्रम्प यांच्या बाजूने अवाढव्य रक्कम लावली आणि कोट्यवधी डॉलर नेले. त्याची युक्ती अशी की त्याने स्वतःच्या पैशाने सर्वेक्षण करवून घेतलं, आणि त्यात 'तुम्ही कुणाला मत देणार' याबरोबर 'तुमचे शेजारी कुणाला देतील' हे विचारायला लावलं. स्वतःबद्दल माणूस लाजतो, शेजाऱ्याबद्दल लाजत नाही.

महाराष्ट्रात मतदान २० नोव्हेंबरला होतं. अ‍ॅपवर प्रश्न होता: महायुती दोनशे जागा गाठेल का? साडूंनी नवी वही काढली आणि आपल्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली.

फ्रान्सच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. डोंबिवलीत 'तुमच्या शेजाऱ्यांचं काय मत आहे' असं विचारून राजकारणाची माहिती मिळत नाही. पहिल्या मजल्यावर कळलं की समोरच्यांनी मेंटेनन्स थकवला आहे, ते काय मत देणार. दुसऱ्या मजल्यावर कळलं की वरचे रात्री एक वाजता मिक्सर लावतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांना तासभर बसवून पाण्याच्या टाकीच्या कंत्राटाचा इतिहास सांगितला, सहीसकट. वहीतला 'इतर माहिती' हा रकाना भरून पाठीमागच्या पानांवर गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा निरोप पाठवला, वही एकदा बघायला मिळेल का.

आणि एक बारीकशी गोष्ट. दार बहुतेक घरांत बाईमाणसानेच उघडलं. साडू दोन पावलं मागे सरकत आणि अदबीने विचारत, "साहेब आहेत का घरात?"

साहेब नसले तर ते नंतर येत. तसे ते संस्कारी आहेत.

सगळ्या साहेबांचं म्हणणं पडलं की लढत अटीतटीची आहे. दोनशे? छे. अ‍ॅपवरही 'नाही' साडेआठला होतं. साडूंच्या कारकिर्दीत प्रथमच त्यांचा अभ्यास आणि गर्दी एका बाजूला आले. दुसरा कुणी असता तर दचकला असता, की आपण विचारलं कुणाला? ज्या साहेबांच्या हातात ते अ‍ॅप होतं, त्यांनाच. साडूंना मात्र गर्दी शेवटी त्यांच्या अभ्यासापर्यंत पोहोचल्याचा आनंद झाला. दीड रुपया मिळवायला साडेआठ लावायचे, म्हणजे रक्कम मोठी हवी. जूनची कमाई गेली, ऑक्टोबरची गेली, आणि ताईंनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींमधून बाजूला ठेवलेले चार हजार 'तात्पुरते' गेले.

२३ नोव्हेंबरला महायुतीने दोनशे तीसपर्यंत मजल मारली. एकट्या भाजपला १३२.

या निकालाची कारणं लोक अजून भांडून ठरवताहेत. मी फक्त वहीबद्दल बोलतोय. दुपारी मी सांत्वनाला गेलो तेव्हा साडू कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या मावशी ताईंना सांगत होत्या की त्यांच्या चाळीत सगळ्या बायका सकाळीच मतदानाला जाऊन आल्या, मुलांना शाळेच्या रांगेत उभं करतात तशा ओळीने. सरकारने बायकांना द्यायला सुरुवात केलेले जुलैपासूनचे दीड-दीड हजारांचे पाच हप्ते, साडेसात हजार, त्यांच्या खात्यावर आले होते, आणि पासबुक त्यांच्या पिशवीत होतं.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" भिंतीकडूनच आवाज आला.

"तुम्ही शेजाऱ्यांचं इच्यारत व्हता," मावशी म्हणाल्या. "आमचं कुटं?"

मार्चअखेरीस आणखी एक घाव बसला. २०२३ च्या जिंकण्यावर कर कापून गेलेला. पुढच्या वर्षीचं हरणं त्यातून वजा करता येतं का, हे साडूंनी स्वतः कायदा वाचून पाहिलं. येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना ताळेबंद जुळवायला लावणाऱ्या माणसाला हे फार लागलं. पैसे गेल्याचं त्यांना इतकं वाटलं नव्हतं.

तरी मला साडूंबद्दल खरा आदर वाटला तो मे २०२५ मध्ये, आणि तेव्हाही ते हरलेच. प्रश्न होता: मान्सून मुंबईत १ जूनच्या आत येईल का? या वेळी साडूंनी भाव बघण्याआधी अभ्यास केला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. केरळची १ जून. मधे दहा दिवस. निकाल कशावर लागणार, हवामान खात्याच्या घोषणेवर की कुलाब्याच्या पर्जन्यमापकावर, हे त्यांनी अ‍ॅपला पत्राने विचारलं, जे माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणीही केलं नसतं. या धंद्यातला खरा अभ्यास असाच असतो: प्रश्न कुठल्या कागदावर मिटणार ते बघायचं, नियमावली शेवटपर्यंत वाचायची, कंटाळा यायचा. साडूंनी 'नाही' घेतलं. २४ मे रोजी मान्सून केरळात दाखल झाल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या आठवडाभर आधी. 'होय'चा भाव उसळला.

"बघा," साडू मला फोनवर म्हणाले, "बातमी आली की धावले. केरळ ते मुंबई दहा दिवस. ३ जून धरा." आणि स्वस्त झालेलं 'नाही' त्यांनी आणखी घेतलं.

२६ मे रोजी मान्सून मुंबईत आला. साडू त्या दिवशी नवी भुयारी मेट्रो बघायला आचार्य अत्रे चौकापर्यंत निघाले होते. ते स्थानक उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता आणि त्या दिवशी आत पाणी आणि चिखल घुसला होता. घरी पोहोचायला रात्र झाली. ताईंनी टॉवेल दिला आणि विचारलं, "हा पाऊस धरायचा, की घोषणेची वाट बघू या?"

सरासरी म्हणजे पुष्कळ वर्षांची गर्दीच, असा एक विचार माझ्या मनात आला होता. तोही मी बोललो नाही. माणूस ओला होता.

त्याच सुमारास सेबीने जाहीर केलं होतं की हा प्रकार आपल्या अखत्यारीत येत नाही, गुंतवणूकदारांना असलेलं कुठलंही संरक्षण इथे मिळणार नाही. साडूंनी ते पत्रक आम्हा सगळ्यांना पाठवलं. वर लिहिलं होतं: 'आमच्या क्षेत्राची सेबीकडून दखल.' ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा दोन दिवसांत मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि अ‍ॅप मिटलं. हे अ‍ॅप टिकेल का, हा प्रश्न अ‍ॅपने कधी विचारला नव्हता, त्यामुळे साडूंचा त्यावर अभ्यास नव्हता.

पाच दिवसांनी गणपती. आम्ही सगळे डोंबिवलीला. हाताला काम नसलेले साडू सैरभैर फिरत होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लाल भोपळा ठेवलेला त्यांना दिसला आणि त्यांचे डोळे चमकले. गाल्टनचा कायमचा निकाल लावू या. प्रत्येकाने चिठ्ठीवर वजन लिहायचं, उद्या सकाळी वाण्याच्या काट्यावर भोपळा न्यायचा. पैसे नाहीत, फक्त शास्त्र.

चिठ्ठ्या वाटल्या. मेहुण्याने अण्णांना विचारलं, "काय वाटतं, अण्णा?" अण्णांनी भोपळा एकदा उचलला, ठेवला, म्हणाले, "सहा." मग मेहुण्याने सहा लिहिलं, मेहुण्याच्या बायकोने सव्वासहा, माझ्या बायकोने पावणेसहा, मुलांनी एकमेकांचं बघून सहा. एकट्या साडूंनी ताईंच्या शिवणाच्या टेपने भोपळ्याचा घेर घेतला, उंची घेतली, बोटाने ठोकून आत किती पोकळ आहे ते ऐकलं आणि कागदावर गणित मांडून लिहिलं: नऊ किलो दोनशे. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट गणपतीच्या मखरामागे ठेवलं.

सकाळी ते अंघोळ करून पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. भोपळा नव्हता. ऋषिपंचमी होती. ताईंनी पहाटे उठून त्याच्या फोडी करून ऋषीच्या भाजीला लावल्या होत्या, अर्धा शेजारी दिला होता.

"निकालाआधी माल कापला?" साडूंचा आवाज चिरकला.

"बैल कापूनच मोजला होता ना?"

साली कुठे आहेत, साली वजनात धराव्या लागतील, असं ते म्हणेपर्यंत ओल्या कचऱ्याची गाडी शिट्टी वाजवत कोपऱ्यावरून वळली होती. शेजाऱ्यांकडच्या फोडी परत मागायला ताईंनी मनाई केली. पाकीट विसर्जनापर्यंत मखरामागेच होतं.

अलीकडे त्यांना बरे दिवस आले आहेत. त्यांचा एक भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो, तिथे असे बाजार कायद्याने चालतात. साडू रोज पहाटे उठून त्याला आवाजी निरोप पाठवतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर कमी करेल का, न्यूयॉर्कला अमुक तारखेला किती अंश तापमान असेल, कुठल्या चित्रपटाला ऑस्कर मिळेल. प्रत्येक निरोप सरासरी सहा मिनिटांचा, शेवट ठरलेला: "लोक काय, लोक बोलतात."

भाचा गुणी आहे. मामांचा एकही निरोप तो चुकवत नाही, शेवटपर्यंत ऐकतो, "थँक्यू मामा" म्हणून उत्तर देतो, आणि दुसरी बाजू घेतो. हे त्याने मला गेल्या महिन्यात विश्वासात घेऊन सांगितलं. त्याचं उत्तम चाललं आहे.